डाव्या बाजूचं आभाळ

फोनवर ड्रोन शिकवणारे जे पोट्टे असतात, त्यांच्याइतकं नकोसं तोंड मला या जगात कुणाचं वाटत नाही. टोपी उलटी, मागं रंगीत दिवे, आणि सुरुवात ठरलेली, मित्रांनो, अजिबात घाबरू नका, हे एकदम सोपं आहे. अरे, तू काय चालवलंस रे जन्मात? मी एकतीस वर्षं सरकारी बस चालवली. घाटातल्या वळणावर समोरून कापसाचा ट्रक रस्ता खाऊन येत असताना गाडी कशी अंगावर घ्यायची नाही, हे मला विचार. असल्या पोट्ट्यानं मला धीर द्यावा आणि मी तोच व्हिडिओ सात-सात वेळा लावून बघावा, याच्यापेक्षा मोठी नामुष्की ती कोणती? पण बघत होतो. तीन महिने बघत होतो, आणि ड्रोन कपाटात पडून होतं.

ते घरात आलं तेही माझ्याच तोंडामुळं. मुलगी हैदराबादला नोकरी करते. तिच्या इमारतीत कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस होता आणि भाड्यानं आणलेला एक फोटोवाला अंगणात ड्रोन उडवत होता. सगळी शिकली-सवरलेली माणसं माना वर करून, तोंडं उघडी टाकून बघत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, यात काय आहे एवढं, गाडी हाकलेल्या माणसाला हे खेळणं आहे. चार लोकांत म्हटलं. मुलीनं ते लक्षात ठेवलं. मी रिटायर झालो त्या दिवशी डेपोत शाल, नारळ आणि मॅनेजरचं भाषण झालं, भाषणात माझं नाव दोनदा चुकलं, आणि घरी आलो तर टेबलावर खोकं. बाबा, आता उडवून दाखवा, असं ती फोनवर म्हणाली. मी हसलो. हसण्यावाचून दुसरं काय करणार होतो?

आता जी गोष्ट लपवण्यात माझी दोन वर्षं गेली ती सांगून टाकतो. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली असताना खात्याच्या दवाखान्यात डोळे तपासले. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचा. भिंतीवरच्या तक्त्यावरची तळातली बारीक ओळ मी न अडखळता वाचली, इंग्रजी अक्षरं, तेलुगू अक्षरं, सगळी. मग त्यानं मला एका पांढऱ्या डब्यात तोंड घालून बसवलं. मध्ये एक ठिपका. नजर त्याच्यावरच ठेवायची, आणि आजूबाजूला कुठं उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी दाबत होतो. चांगलं दाबत होतो. शेवटी मशीनमधून कागद निघाला आणि त्याच्यावर डाव्या अंगाला नुसतं काळं फासलेलं. काचबिंदू, असं तो म्हणाला. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं गेलंय, आणि गेलेलं माणसाला कळत नाही. मी म्हटलं, मशीन बिघडली असेल. तो तेलुगूत शांतपणे म्हणाला, काका, मघाशी याच मशीनवर चौघं पास झाले.

स्टीअरिंगवरून उतरवून मला डेपोच्या फाटकाजवळच्या खोलीत बसवलं. कोणती गाडी किती वाजता गेली, किती वाजता आली, ते वहीत लिहायचं. काल-परवा लागलेले ड्रायव्हर, ज्यांना क्लच कुठं सोडावा याची अक्कल नाही, ते माझ्यासमोरून धूळ उडवत जायचे, आणि मी त्यांच्या वेळा मांडायचो. लोकांना सांगितलं, स्टीअरिंगचा कंटाळा आला, खूप झालं. बायकोला खरं माहीत होतं. ती दोन वेळा डोळ्यात थेंब टाकायची आणि त्या विषयावर अक्षर बोलायची नाही. त्या डॉक्टरला मात्र मी रोज मनातल्या मनात शिव्या घालत होतो. एकतीस वर्षांत माझ्या गाडीला साधा ओरखडा नाही, आणि एक डबा मला आंधळा ठरवतो.

आणि ड्रोन तरी काय असतं? आभाळात एक ठिपका. हातात बटणं. ठिपका इकडं-तिकडं सरकतो, आपण नजर ठेवायची. मुलीनं बिचारीनं हौसेनं मला तीच मशीन बक्षीस दिली होती. मोडलं असतं तर तिनं दुसरं घेतलं असतं. पण तो ठिपका डावीकडं गेला आणि मला दिसेनासा झाला, म्हणजे तो डॉक्टर खरा ठरला, तर मी काय करणार होतो? मग माझी एकतीस वर्षं कुठं गेली? म्हणून खोकं उघडलं की मी ते परत बंद करायचो.

बहाण्यांना तोटा नव्हता. आज वारं आहे. आज रविवार आहे, मैदानात पोरांचं क्रिकेट. आज घारी फिरून राह्यल्या. शेजारी एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ आहेत, रोज सकाळी फिरायला भेटतात. हा माणूस पन्नाशीत स्कूटी शिकला आणि अजून दोन्ही पाय जमिनीला घासत चालवतो. तो मला रोज विचारायचा, उडालं का? मी सांगितलं, परवाना यायचा आहे. दुसऱ्या दिवशी तो फोन पुढं करून हजर, की एवढ्या लहान ड्रोनला परवानाच लागत नाही. जन्मभर दुसऱ्याच्या फॉर्मातल्या चुका काढल्या, ती खोड जाते थोडीच. बायको तेवढी सरळ. ती म्हणाली, उडवत नसान तर कपाटातली जागा रिकामी करा, मले रजया ठेवायच्या हायत.

शेवटी एका सकाळी एकटाच निघालो. गावाबाहेर, कापूस वेचून झालेलं एक रान होतं. ड्रोन जमिनीवर ठेवलं आणि आधी गाडीची तपासणी केली. म्हणजे त्याच्याभोवती एक फेरी मारली, चारही पंखे हलवून बघितले, कॅमेऱ्याची काच रुमालानं पुसली, आणि खाली वाकून तेल तर गळत नाही ना, तेही बघितलं. हो, बघितलं. एकतीस वर्षांची सवय, कंबर आपोआप वाकते. ड्रोनला तेल नसतं हे वाकल्यावर आठवलं. मग चालू केलं. ते असं काही घोंघावलं की मी दोन पावलं मागं सरलो. बटण दाबून बंद केलं, खोक्यात भरलं आणि घरी आलो. बायकोला सांगितलं, वारं होतं. तिनं खिडकीबाहेर दोरीवरच्या साड्यांकडं बघितलं. एकही हलत नव्हती.

त्या दिवशी मी स्वतःची एक समजूत काढली, आणि ती मला पटली. मला भीती वाटते ती ड्रोन परत आणण्याची, असं मी ठरवलं. ते तोंड आपल्याकडं करून आलं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं, हे त्या टोपीवाल्या पोट्ट्यानंच सांगितलं होतं. आता, ड्रायव्हर गाडी पुढं नेतो एकटा, पण मागं कधी एकट्यानं घेत नाही. कंडक्टर खाली उतरतो, मागं उभा राहतो आणि पत्र्यावर हातानं थापा मारतो. थाप चालू आहे तोवर येऊ द्यायचं. थाप थांबली की ब्रेक. आणि अगदीच घाई असली तर ओरडतो, होल्डान. आमच्या सीमेवरच्या डेपोत तेलुगू कंडक्टर असो, मराठी असो, की उर्दूवाला, थांबायचं म्हणजे होल्डान. तो शब्द कानावर पडला की ड्रायव्हर का म्हणून विचारत नाही, आधी थांबतो. म्हटलं, हेच चुकतंय. ड्रोन आहे, ड्रायव्हर आहे, कंडक्टर कुठं आहे? ड्रोनला एक बटण असतं म्हणे, ते दाबलं की ते आपोआप परत येतं. ते आपोआप येणार तर मी तिथं कशाला, धुणं वाळत घालायला?

माझ्या शेवटच्या गाडीवर अकरा वर्षं एकच कंडक्टर होती. बाई. तलमडुगुकडची, आई-बाप दुसऱ्याच्या शेतात राबलेले, ही परीक्षा देऊन नोकरीला लागली. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, अजून नोकरीत आहे. सुरुवातीला तिला मी मोजतच नव्हतो. बाईमाणसाच्या थापेवर गाडी मागं घ्यायची म्हणजे काय, असं वाटायचं, आणि तसं मी तिला ऐकवलंही होतं. पण तिची थाप कधी चुकली नाही, हे कबूल करायला हवं. तिला फोन केला. म्हटलं, बाई, एक गाडी मागं घ्यायची हाय. काय आहे ते सांगितल्यावर तिनं सुट्ट्यांचा हिशेब केला. मग म्हणाली, गुरुवारी माझी सुट्टी आहे, माझ्या भावाच्या शेतात या.

गुरुवारी सकाळी पोचलो. कापूस निघून पऱ्हाट्या उपटलेल्या, त्यांचे ढीग बांधाला लावलेले, काळं रान मोकळं. ती बांधावर उभी होती, भावाच्या खोपटातला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा हातात घेऊन. मी विचारलं, हे कायले? ती म्हणाली, थाप कायच्यावर मारू मग? मी चारी बाजूंना नजर फिरवली. सगळं मोकळं होतं. ड्रोनभोवती फेरी मारली, काच पुसली, या खेपेला वाकलो मात्र नाही. ती वाकून बघत होती, बहुतेक तेलच. आम्ही दोघंही एकाच डेपोचे.

बोटं रिमोटच्या दांड्यांवर ठेवली आणि ती तशीच अडकून बसली. हे एकतीस वर्षांत कधी झालं नव्हतं. पहिल्या दिवशी, पहिल्या गाडीवरही नाही. मला स्वतःची किळस आली. साठीचा माणूस, पाव किलोचं प्लास्टिक समोर, आणि अंगठा हलत नाही. ती मागून म्हणाली, भाऊ, राइट. बस भरली की गाडी सोडायला ती म्हणायची तसंच, ना हळू ना जोरात. आणि माझा अंगठा पुढं गेला.

ते उठलं. छातीइतक्या उंचीवर येऊन थांबलं आणि तिथंच थांबून राहिलं, घोंघावत. मी पुढं दाबलं, ते पुढं गेलं. वर दाबलं, वर गेलं. त्याचा वेग जरा वाढला की माझा उजवा पाय ढेकळात रुतायचा. ब्रेक मारत होतो मी. बुटाच्या टाचेनं तिथं चांगला खड्डा पडला. पण भीती कुठं गेली ते कळलंच नाही. रिमोटला लावलेल्या फोनच्या पडद्यावर शेत दिसत होतं, मातीतल्या तासांच्या रेघा, पऱ्हाट्यांचे ढीग, पलीकडं तलमडुगुचा रस्ता आणि त्याच्यावरून चाललेली एक बस. वरून बघितलं तर बस किती सरळ चालते! त्या ड्रायव्हरला मी मनातल्या मनात पहिल्यांदाच शाबासकी दिली. आणि मान वर केली तर आभाळात माझा ठिपका होता. दिसत होता. स्वच्छ दिसत होता. मला त्या डॉक्टरच्या तोंडावर जाऊन थुंकावंसं वाटलं. सकाळच्या लख्ख आभाळात हरभऱ्याएवढी वस्तू मी नजरेत धरून ठेवली होती, आणि म्हणे बाजूचं गेलंय.

मग ते परत आणायचं ठरलं. त्याचं तोंड आमच्याकडं वळवलं. मागून डब्यावर थाप सुरू झाली, थप, थप, थप, तीच जुनी. मी तिच्या तालावर ते आणत होतो. मध्ये जरा डावीकडं घ्यावं म्हणून दांडी उलट्या बाजूला ढकलली. आणि मी वर बघत होतो, तिथं ठिपका होता, आणि नंतर नव्हता. मान न हलवता मी त्याला शोधत होतो. वाचता न येणारा माणूस जसं पाटी वाचल्याचं सोंग आणतो तसा मी आभाळाकडं बघत होतो, आणि अंगठा तसाच दाबलेला होता. थाप थांबली.

"होल्डान!"

दोन्ही अंगठे आपोआप सुटले. टाच ढेकळात गेली. वर ते घोंघावत एका जागी थांबलं असावं, कारण आवाज हलत नव्हता. मी चिडलो. तिच्याकडं न बघताच म्हटलं,

"काऊन थांबवलं? मोकळं तर हाय समदं."

ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिनं डावीकडं बोट केलं. मी मान पूर्ण वळवली. डाव्या बांधाला विजेचे खांब होते, एक, दोन, तीन, आणि त्यांच्यावर चार तारा. सगळ्यात वरच्या तारेपासून दोन-तीन हातांवर माझं ड्रोन लटकलेलं होतं. इतके मोठे खांब. आल्यापासून तिथंच उभे. मी चारी बाजू बघितल्या होत्या.

तिनं ते मला परत आणायला लावलं. उजवीकडं घ्या, आणखी घ्या, आता येऊ द्या, आणि डब्यावर थाप. मी तिच्या थापेच्या भरवशावर उतरवलं म्हटलं तरी चालेल, कारण मी शेवटी डोळे त्याच्यावर ठेवलेच नाहीत. पंखे थांबले. माझी पाठ घामानं चिंब होती. मी बांधावर बसलो, ती थोडं अंतर सोडून बसली आणि डबा मांडीवर घेतला. मला वाटलं, आता ही धीर देईल. या वयात व्हायचंच, असलं काहीतरी. तसं बोलली असती तर मी उठून निघून गेलो असतो.

"भाऊ," ती म्हणाली, "डोळे तपासाचा नंबर तुमचा त्या साली नव्हता. म्या मॅनेजरले सांगून लावला व्हता."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि कानशिलं तापली. अकरा वर्षं जिच्या थापेवर गाडी मागं घेतली, तिनं माझं स्टीअरिंग काढून घेतलं, आणि दोन वर्षं फाटकाजवळच्या खोलीसमोरून जाताना रोज नमस्कार केला. जे तोंडाला आलं ते बोललो. ते इथं लिहीत नाही. तिनं ऐकून घेतलं. मी थकल्यावर तिनं सांगितलं ते असं.

डोळे तपासायच्या थोड्या आधीची, तलमडुगुच्या थांब्यावरची गोष्ट. बाजाराचा दिवस, गाडी खचाखच. तिनं राइट दिलं, मी गियर टाकला, आणि गाडी जरा हलली तोच तिनं बेल ओढून गाडी थांबवली. मी मागं वळून तिला भर गाडीत फाडून खाल्लं होतं. बेल काय खेळणं आहे का, हाताला खाज आली का, मोकळं तर आहे समोर. लोक हसले होते. मला ते आठवलं. बसमधली हसणारी तोंडंसुद्धा आठवली, कारण मला ते हसणं आवडलं होतं. ती खाली मान घालून तिकिटं देत राहिली होती.

"डाव्या चाकापुढं लेकरू आलं व्हतं," ती म्हणाली. "माय पिशवी उचलत व्हती, तिचं ध्यान नव्हतं. खाली बसलेल्या एका म्हातारीनं हात धरून मागं ओढलं. मी खिडकीतून पाह्यलं."

"मंग त्याच वक्ती मले सांगितलं काऊन नाही?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"तुमी म्हनले असते, मले दिसलं व्हतं."

म्हणालो असतो. अगदी तेच म्हणालो असतो, आणि वरून दोन शब्द जास्त ऐकवले असते. आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली असती, तिसऱ्या दिवशी काढली असती. एकतीस वर्षांत ओरखडा नाही, असं लोकांना सांगत राहिलो असतो. डॉक्टर, मॅनेजर, टोपीवाले पोट्टे, बँकवाला, कालचे ड्रायव्हर, सगळ्यांना मी तुच्छ समजत आलो, आणि तेवढ्या वेळात डाव्या बाजूला काय काय होऊन गेलं असेल, ते मला कधीच कळणार नव्हतं. मला लाज वाटली. राग शोधला, तो सापडेना.

रस्त्यावरून एक बस गेली. आम्ही दोघांनीही तिच्याकडं बघितलं, मी मान वळवून. मग मी विचारलं,

"लेकरू केवढं व्हतं?"

तिनं डब्यावरचा हात उचलला आणि ढेकळापासून गुडघ्याएवढ्या उंचीवर धरला.

"एवढं," ती म्हणाली. "नवं नवं चालत व्हतं."